हशा संपू द्या

भाजीच्या गाडीवर मटारच्या शेंगांचा ढीग दिसला की मला कळतं, आता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या दुचाक्या एका बाजूला सरकतील आणि मधली जागा मोकळी होईल. थंडी आधी कोथरूडच्या टेकडीवर उतरते, मग आमच्या गुडघ्यांत, आणि त्यानंतर तालमी सुरू होतात. काल संध्याकाळी शेंगांची पिशवी घेऊन मी फाटकातून आत आले, तर दिलीप तीन दारं भिंतीला टेकवून मधल्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होता. तेलाचा वास, जुन्या रंगाचा वास, वॉचमनने शेकोटीत टाकलेल्या वाळक्या पानांचा वास. पिशवीचे बंद बोटांत रुतले, तरी मी जरा वेळ तिथेच उभी राहिले.

आमची मंडळी हौशी. संक्रांतीच्या सुमारास जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये एक प्रयोग करायचा, एवढाच आमचा संसार. नाटकं बदलतात, पण फिरून फिरून आम्ही त्या एका फार्सवर येतो. सोसायटीतल्याच एका सभासदाने तो फार पूर्वी लिहिला. पाहुणे नकोत म्हणून गावाला गेल्याची थाप मारून स्वतःच्याच घरात लपून बसलेले नानासाहेब, आणि शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन त्याच घरात मुक्कामाला आलेले पाहुणे, अशी त्याची गोष्ट आहे. बाहेरगावच्या लोकांना ते विनोदी वाटतं. पुण्यात ते वास्तववादी समजलं जातं.

मी या मंडळींची प्रॉम्प्टर. विंगेत पडद्याआड स्टुलावर बसायचं, नाटकाची फाईल मांडीवर उघडी ठेवायची आणि कोणी अडखळलं तर पुढचा शब्द हळूच पुरवायचा. चांगली प्रॉम्प्टर प्रेक्षकांना कधी ऐकू येत नाही. माझा मूळ आवाज तिसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला थांबवणारा आहे. तेव्हा हे काम माझ्याकडे यावं याचं आमच्या घरी सगळ्यांना नवल वाटतं.

फार्स बघणाऱ्याला वाटतं, काय मजा करतायत ही माणसं. त्याने एकदा तालमीला येऊन बसावं. दुःखी नाटकाच्या तालमीत मंडळी खिदळत असतात. फार्सच्या तालमीत मात्र सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखे असतात. दार कधी लागलं पाहिजे, लागल्यावर परत उघडायला नको, एक माणूस डावीकडून बाहेर पडला की त्याच श्वासाला दुसरा उजवीकडून आत आला पाहिजे. आपटलेलं दार उसळू नये म्हणून दिलीप चौकटीला आतून जुन्या स्लिपरचं रबर ठोकतो. तो कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. बोलणं कमी, आणि जे बोलतो ते बहुतेक दारांशी.

पण दारांपेक्षाही अवघड असतं ते हसू. नटाने वाक्य टाकलं की लोक हसतात. ते हसत असतानाच पुढचं वाक्य बोललं तर ते वाया जातं, आणि हसू पार विझेपर्यंत थांबलं तर नाटक मटकन खाली बसतं. हसू चढतं, मग उतरायला लागतं. त्या उतारावर पुढचं वाक्य अलगद ठेवायचं. आता पार्किंगमध्ये प्रेक्षक कुठून आणणार? दुचाक्या काही हसत नाहीत. म्हणून तालमीत हसायला एक माणूस बसवायची पद्धत आमच्यात पडली. इतर मंडळींमध्ये असं काही असतं का, मला माहीत नाही. आमच्यात होतं, आणि ते काम सुमनताईंचं होतं.

सुमनताई म्हणजे अप्पांची बायको, आणि अप्पा म्हणजे आमचे कायमचे नानासाहेब. बाई समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या, अंगावर मरून शाल, मांडीवर परात, पायाशी शेंगांची पिशवी. मटार सोलता सोलता तालीम बघायच्या. विनोद आला की त्यांचे आधी खांदे हलायचे, मग नाकातून आवाज, मग मोकळं हसू, आणि शेवटी पदराने डोळे टिपत एक बारीकसं ‘अगं बाई’. मग त्यांचा हात पुढच्या शेंगेकडे जायचा. शेंग टचकन फुटली की समजायचं, हशा संपला. अख्ख्या मंडळींचं टायमिंग त्या मटारावर बसलेलं होतं. प्रयोगाला परात नसायची. तेव्हा त्या पहिल्या रांगेत कडेला बसायच्या. हसताना पदर तोंडाला, हसू संपलं की हात मांडीवरच्या पर्सवर. अप्पांची नजर तेवढी एकदा तिकडे जाऊन यायची.

एकदा मी त्यांना विचारलं, “तेच तेच वाक्य ऐकून रोज हसू कसं येतं हो तुम्हाला?”

“मी कुठे वाक्याला हसते,” त्या म्हणाल्या. “मी यांना हसते. हे रोज थोडे वेगळे असतात.”

त्यांचं हसणं आमच्या सगळ्यांच्या उपयोगाचं होतं, एक जागा सोडून. पहिल्या अंकात नानासाहेब लपायच्या आधी शेजाऱ्याला घराची माहिती देतात. त्यात एक वाक्य आहे, “साखर वरच्या फळीवर आहे.” त्यात गंमत नाही, खोच नाही, पुढे त्या साखरेचं काही होतही नाही. लेखकाला बहुधा ओळ भरायची असेल. पण तिथे सुमनताई हसायच्या. मनापासून, खांदे हलवून, अगं बाईपर्यंत. आणि अप्पा थांबायचे. त्यांचं हसून झालं की ते पुढचं वाक्य बोलायचे, “जाताना कुलूप बाहेरून लावा.” प्रयोगाच्या दिवशीही तसंच. सगळा हॉल शांत, पहिल्या रांगेत एक बाई हसतेय, आणि नट तिच्यासाठी थांबलाय. लोकांना वाटे आपलंच काहीतरी निसटलं, म्हणून मग इकडेतिकडे एकदोघं चोरून हसून घेत. आमचा दिग्दर्शक मकरंद, शाळेत गणित शिकवणारा, दर वर्षी कपाळाला हात लावायचा. मी सुमनताईंना कारण विचारलं होतं. “तुला नाही कळायचं,” त्या म्हणाल्या आणि परात घेऊन आत गेल्या.

एका वर्षी नवरात्रात त्यांना ताप आला, आणि दिवाळीच्या आत त्या गेल्या. इतकं लवकर, की त्यांनी शिवायला टाकलेला ब्लाउज नंतर मीच आणला. अप्पांना भेटायला आम्ही सगळे गेलो होतो. अशा वेळी काय बोलायचं ते कोणालाच येत नाही. जेवण जातं का, झोप लागते का, मुलगी किती दिवस राहणार आहे, असं चाललं होतं. अप्पांनी मकरंदकडे बघितलं आणि म्हणाले, “तालमी कधीपासून?”

मकरंद गडबडला. “अप्पा, या वर्षी राहू दे. वर्ष तरी होऊ द्या.”

“घरी बसून काय करू? आमच्या भिंतींना कुठे हसायचं ते कळत नाही.”

सोसायटीत कुजबुज झालीच. बायको जाऊन चार महिनेही झाले नाहीत आणि हे तोंडाला रंग लावून उभे राहणार, तेही फार्समध्ये. माझ्या मनातही ते आलं, नाही असं नाही. दुःख कसं करायचं याचे आपले नियम फार पक्के असतात. पांढरा सदरा, खाली मान, टीव्हीचा आवाज कमी. त्या नियमांत न बसणारं दुःख दिसलं की आपल्याला ते दुःखच वाटत नाही.

तालमी सुरू झाल्या. समोर रिकामी खुर्ची ठेवायची की नको, हे कोणी ठरवायच्या आधीच दिलीपने ती मांडली. पहिल्या दिवशी लक्षात आलं की अप्पा सगळीकडे लांब थांबतायत. वाक्य टाकायचे आणि गप्प. मकरंद म्हणाला, “घाई नको, वय आहे, दुःख ताजं आहे.” मग साखरेचं वाक्य आलं. अप्पा बोलले आणि थांबले. विसरले असं समजून मी विंगेतून हळूच म्हटलं, “जाताना.” काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं, “जाताना कुलूप.” तरी नाही. शेवटी माझा दूधवाल्याचा आवाज लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा अप्पांनीही मान वळवली.

“वहिनी, मला वाक्य आठवतंय,” ते म्हणाले. “हशा संपू द्या.”

“कुणाचा हशा, अप्पा?” मकरंदने विचारलं.

“हिचा.”

वरच्या कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, ती सगळ्यांनी नीट ऐकली. मग मकरंदने फार हळुवारपणे सांगितलं की अप्पा, बाकी ठीक आहे, पण या वाक्यावर या वर्षी नको थांबायला, लोकांना वाटेल विसरलात. अप्पा “बरं” म्हणाले. त्यांचं ते बरं मला आवडलं नाही.

तालीम सुटल्यावर मी खुर्च्या रचत होते, तर ते माझ्याजवळ आले. “तुमचं प्रॉम्प्टिंग मला ऐकूच आलं नाही, वहिनी. सगळे विंगेकडे बघायला लागले, तेव्हा कळलं.”

मला वाटलं, ते माझं समाधान करतायत. पण मग त्यांनी सांगितलं. डावा कान कधीच गेलेला. उजव्याने नुसती गजबज कळते. मशीन घातलं की हशा आणि पंखा यांचा आवाज एकच येतो. समोरच्याची वाक्यं ते ओठांवरून उचलायचे, आणि नाटक पाठ असल्यामुळे निभावून जायचं. पण हॉलमधले लोक अंधारात असतात, त्यांचे ओठ कसे दिसणार? लोक हसतायत ते कळायचं पहिल्या रांगेतल्या सुमनताईंच्या खांद्यांवरून. गेली काही वर्षं अप्पांनी एकही हशा ऐकलेला नव्हता. ते तिला बघून थांबत होते आणि तिला बघून बोलत होते. आम्हाला वाटायचं, काय टायमिंग आहे माणसाचं.

“मकरंदला सांगू नका,” ते म्हणाले. “तो मला काढेल, आणि त्यात त्याचं चुकणार नाही. पण मला एकदा उभं राहू द्या. तिच्या जिवावर करत होतो की मला येत होतं, तेवढं कळायला हवं.”

त्या वयाच्या माणसाने आपल्याकडे काही मागितलं की फार अवघड वाटतं. मी खुर्ची हातात घेऊन उभी होते. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी ती खुर्ची उगाचच परत मांडली. मग आम्ही दोघांनी मिळून एक खूण ठरवली. प्रयोगात लोक हसतायत तोवर मी फाईल छातीशी उभी धरायची. हसू उतरायला लागलं की ती मांडीवर ठेवायची. अप्पांनी विंगेकडे एक नजर टाकायची आणि बोलायचं. इतकी वर्षं मी लोकांना शब्द देत आले होते. त्या महिन्यात मी थांबणं द्यायला शिकले, आणि ते जास्त कठीण आहे. शब्द चुकला तर सुधारता येतो. थांबणं क्षणभर लवकर मोडलं तर गेलं ते गेलं.

पार्किंगमधल्या उरलेल्या तालमींत मी मनातल्या मनात हसू मोजत बसायचे आणि फाईल वरखाली करायचे. साखरेच्या वाक्यावर अप्पा आता थांबत नसत. सरळ कुलपावर जायचे. मकरंद खूश होता. दिलीप मात्र एकदा माझ्याजवळून जाताना म्हणाला, “दारावर थाप मारायच्या आधी मी ते बोटभर किलकिलं करतो. उजेडाची फट पडते ना, अप्पांना दिसते.” एवढंच बोलून तो आपला स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेला. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि कधीपासून ते मी विचारलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. शाळेच्या हॉलमध्ये स्वेटर, माकडटोप्या आणि निलगिरीचा वास. नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांनी तोंडात टाकला, तिसरी घंटा झाली. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची कोणी रिकामी ठेवली नव्हती. तिथे कोणीतरी गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. पुण्यातला प्रेक्षक मुळात हसतो तो उपकार केल्यासारखा. त्यातून अप्पांचं घरचं सगळ्यांना ठाऊक. पहिली दोन वाक्यं लोक हसावं की नको अशा विचारात होते. तिसऱ्या वाक्याला कोणीतरी मागून फुटलं, आणि मग हॉल सुटला. मी फाईल छातीशी धरली. अप्पांची नजर आली. हसू चढलं, टेकलं, उतरायला लागलं. फाईल खाली. त्यांचं वाक्य अगदी बरोबर जागेवर पडलं. येत होतं. त्यांना येत होतं.

मग साखरेचं वाक्य आलं. फाईल माझ्या मांडीवर होती. लोक शांत होते. अप्पा म्हणाले, “साखर वरच्या फळीवर आहे,” आणि विंगेकडे बघितलं.

फाईल खाली आहे हे त्यांना दिसत होतं. बोला, अशी ती खूण होती. ते बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेजाऱ्याचं काम करणाऱ्याच्या कपाळावर थंडीत घाम दिसायला लागला. पलीकडच्या विंगेत मकरंदचे ओठ हलत होते, जाताना, जाताना. प्रॉम्प्टरचं काम काय होतं ते मला कळत होतं. मी फाईल उचलली आणि छातीशी धरली.

अप्पांचा चेहरा सैल पडला. पण आता ती खाली कधी ठेवायची? इतर वेळी लोकांचं ऐकून ठेवत होते. इथे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. त्या बाईचं हसू कधी संपलं, हे मला ठरवायचं होतं, आणि मी ठेवली की ते संपणार होतं. मी डोळे मिटले. आधी खांदे. मग नाक. मग मोकळं हसू, मग पदर, मग अगं बाई. हात शेंगेकडे जाताना दिसला तरी माझ्याच्याने फाईल हलेना. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मग मी ती खाली ठेवली, कारण सुमनताई असत्या तर त्यांनी एव्हाना शेंग फोडली असती. कामात दिरंगाई त्यांना खपत नसे.

“जाताना कुलूप बाहेरून लावा,” अप्पा म्हणाले. आणि नाटक पुढे गेलं.

प्रयोगानंतर बिस्किटं आणि चहा घेत लोक आत आले. एक गृहस्थ मला म्हणाले, “बाकी छान झालं, पण पहिल्या अंकात अप्पा एकदा सपशेल विसरले, नाही का?”

“ते नाही विसरले. माझं प्रॉम्प्टिंग उशिरा गेलं,” मी म्हटलं.

“लक्ष हवं,” ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

अप्पा रंग पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. “अप्पा, एक विचारू? साखरेच्या वाक्याला ताई का हसायच्या?”

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. “मला माहीत नाही.”

“कधी विचारलं नाहीत?”

“नाही. वाटायचं, विचारलं तर हसायची थांबेल.”

त्या रात्रीपासून ते वाक्य माझ्याजवळ आहे. संसारात आपण केवढं विचारत असतो. कुठे होतीस, काय केलंस, का केलंस. एखादी गोष्ट न विचारता जपून ठेवणं म्हणजेही प्रेमच असतं, हे मला एका बहिऱ्या विनोदी नटाने शिकवलं, आणि शिकवतोय हे त्याला माहीत नव्हतं.

त्याला आता काही वर्षं झाली. तो प्रयोग अप्पांचा शेवटचा. नंतर त्यांनी स्वतःच मकरंदला सगळं सांगून टाकलं आणि रंगमंचावरून उतरले. आता उजव्या कानाची गजबजही गेली आहे. या वर्षी पुन्हा तोच फार्स आहे. नानासाहेबांचं काम बी विंगमधला चिन्मय करतोय. आयटीतला मुलगा आहे, नुकतंच लग्न झालंय, तालमीला लॅपटॉपची बॅग घेऊनच येतो. आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर परात घेऊन, मटार सोलत अप्पा बसतात. नाटक त्यांना नटांच्या हातापायांवरून कळतं. कोण कुठल्या दारातून आला, की कुठलं वाक्य चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. आणि ते हसतात. आधी खांदे, मग नाकातून आवाज. अप्पांचं स्वतःचं हसू असं नव्हतं. मी त्यांना पूर्वीपासून ओळखते, त्यांचं हसू गडगडाटी होतं.

काल तालीम मधेच थांबली. चिन्मय माझ्या स्टुलाशी आला.

“काकू, एक डाउट होता. ते साखरेच्या लाइनला अप्पा का हसतात? तिथे जोकच नाहीये. माझं टायमिंग जातं तिथे. त्यांना कोणी सांगेल का?”

मी अप्पांकडे बघितलं. ते शेंगा निवडत होते, आपल्याविषयी काही चाललंय याचा पत्ता नव्हता. चिन्मयला सगळं सांगायला एक संध्याकाळ लागली असती, आणि सांगून ते त्याचं झालं नसतं.

“त्यांना नको सांगू,” मी म्हटलं. “तू थांबत जा.”

“पण किती वेळ?”

“त्यांच्या हाताकडे बघ. हात शेंगेकडे गेला की कुलपाचं वाक्य घे.”

त्याला ते फारसं पटलं नाही. मोठ्यांपुढे बोलायचं नाही म्हणून तो जागेवर गेला. दिलीपने मधलं दार लावलं. चिन्मयने वर हात दाखवून साखरेचं वाक्य म्हटलं आणि तो थांबला. अप्पांचे खांदे हलले. मी फाईल मांडीवरून उचलली, का ते मला सांगता येणार नाही, आणि छातीशी धरली. अप्पांनी शालीच्या टोकाने डोळे टिपले. मग त्यांचा हात शेंगेकडे गेला.